बेचाळीस दारांची काठी

५ ऑक्टोबर २००३, रविवार. इंदिरानगर, नाशिक.

नवी वही. शिवण माझी, पुठ्ठाही माझा.

सुरुवातीला, आजअखेर स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू: सागाचं देवघर, एकही खिळा नाही. बेअरिंग ओढायचा पुलर, ज्याचं ड्रॉइंग नंतर कंपनीतल्या डिप्लोमावाल्या साहेबाने स्वतःच्या नावावर काढलं. हिच्यासाठी चकलीचा सोऱ्या, डावखुऱ्या हाताला बसेल असा. पर्जन्यमापक, दोन. झऱ्याचं पाणी मोजायची पत्र्याची खाच, एक. शिक्षण आठवी. बाकी सगळं बघून.

देवघर चालू आहे. सोऱ्या दीड वर्ष बंद आहे, ती गेल्यापासून. कंपनीतून व्हीआरएस घेतल्याला वर्ष झालं. वय चोपन्न. या वहीत रडगाणं लिहायचं नाही, असा नियम.

१२ ऑक्टोबर, रविवार. उंबरदरा, पेठ तालुका.

एसटीने पेठ, पुढे जीप, पुढे पाऊण तास पायी. रावजींचा मुलगा कंपनीत माझा हेल्पर होता. त्याच्या लग्नाला आलो तेव्हा हा डोंगर पाहिला. आजूबाजूचे सगळे डोंगर बोडके आणि मध्ये हा एकच भरलेला. बेचाळीस घरांच्या वन समितीने अकरा वर्षं राखला. खात्याशी करार आहे: राखण गावाची, गवत आणि वाळकं लाकूडही गावाचं. रावजी समितीचे अध्यक्ष. ते म्हणाले, पाऊस हल्ली चार दिवसांत पडून मोकळा होतो, डोंगर आहे म्हणून पाणी थांबतं. पायथ्याचा झरा आता मे महिन्यातही आटत नाही. पूर्वी बायका फेब्रुवारीपासून दरीत उतरायच्या.

झऱ्याच्या तोंडाला माझी पत्र्याची खाच बसवून मोजला. मिनिटाला बावीस लिटर. या लोकांचं माप विडी. वैशाखात एक विडी ओढून होईस्तोवर हंडा भरतो, म्हणून झरा चांगला. मी हसलो. सगळे हसले.

राखणीची पद्धत बघून थक्क झालो. एक तिवसाच्या लाकडाची काठी आहे, हनुवटीएवढी. संध्याकाळी ज्याच्या दाराला ती टेकवली त्या घराने दुसऱ्या दिवशी डोंगरावर बसायचं. दिवस मावळला की काठी पुढच्या दाराला. रजिस्टर नाही, सही नाही. कोण गेलं, कुठवर गेलं, पुरावा शून्य.

भागीबाई म्हणून एक आहे, साठीची, घर सतरावं. मी पुराव्याचं विचारलं तर म्हणाली, मिस्तरी, तू जेवलास त्याचा काय पुरावा ठेवतोस? इथे सगळे सगळ्यांना अरे-तुरे करतात. सवय करून घ्यावी लागेल.

संकल्प: मार्चपर्यंत या गावाला सिस्टिम लावून देणे.

२ नोव्हेंबर, रविवार. इंदिरानगर.

डिझाइन पक्कं. डोंगराच्या वाटेवर सहा खांब. प्रत्येक खांबाला लाकडी पेटी, कुलपाची. प्रत्येक घराला स्वतःच्या नंबरचे सहा पितळी बिल्ले. राखणदाराने फेरी मारून एकेका पेटीत एकेक बिल्ला टाकायचा. रविवारी मी पेट्या उघडणार, रजिस्टर भरणार, बिल्ले परत देणार. बेचाळीस गुणिले सहा, दोनशे बावन्न बिल्ले. व्यास बत्तीस मिलिमीटर, जाडी दीड. पितळ अडीच किलो.

तांबट आळीत हिचं घंघाळ मोडीत देऊन पत्रा घेतला. घंघाळ कोणी वापरत नव्हतं. घरात गीझर आहे. भाग्यश्री, म्हणजे सूनबाई, म्हणाली, बाबा, एकदा विचारायचं तरी. मी म्हटलं, कोणाला? मुलाने, ज्ञानेशने, टीव्हीचा आवाज वाढवला.

७ डिसेंबर, रविवार. उंबरदरा.

सिस्टिमचं उद्घाटन. सहाही खांब ओळंब्यात, मी स्वतः तपासले. त्याच बैठकीत यंदाच्या गवताच्या पैशाचं वाटप झालं. रावजींनी सगळ्यांसमोर मला एक गोष्ट देऊ केली. नाकारली. कारणं योग्य होती. लिहिण्याइतकं त्यात काही नाही.

बैठक जरा लवकर उठली.

काठीचं आता काम उरलं नाही. नमुना म्हणून नाशिकला नेतो म्हटलं. रावजींनी ती दोन्ही हातांनी दिली. भागीबाईने विचारलं, मिस्तरी, पेटीला डोळं कधी बसवतोस? विनोदबुद्धी चांगली आहे बाईची.

झरा चौदा लिटर.

४ जानेवारी २००४, रविवार. उंबरदरा.

महिन्याची हजेरी शंभर टक्के. कंपनीत सव्वीस वर्षांत मला ही टक्केवारी दिसली नव्हती.

आणखी एक प्रगती. लोक मला तुम्ही म्हणू लागलेत. साहेबसुद्धा म्हणतात. रावजी अजून मिस्तरीच म्हणतात, पण तुम्ही लावून. जेवायला त्यांच्या पडवीत वेगळं ताट मांडलं होतं, चौरंगावर. पूर्वी सगळ्यांच्या पंगतीत बसायचो. नागलीची भाकरी तीच. जरा गार होती.

८ फेब्रुवारी, रविवार. उंबरदरा.

निम्मं गाव द्राक्षाच्या कामाला दिंडोरीकडे गेलंय. पूर्वी घर बंद असलं की काठी पुढच्या दाराला जायची, कारण बंद दाराला काठी टेकवायची नाही असा रिवाज. भोंगळ कारभार. आता जाणारे आपले बिल्ले काळूकडे ठेवून जातात. काळू तरणा आहे, पायाने चपळ. ज्याचा नंबर असेल त्याचे बिल्ले टाकून येतो. सहा पेट्या दीड तासात.

हजेरी शंभर टक्के. स्थलांतराचा प्रश्न सुटला.

२९ फेब्रुवारी, रविवार. उंबरदरा.

एक छोटी अडचण. दुपारी डोंगरावर गेलो तर वर कोणी नव्हतं. आजचे बिल्ले मात्र सहाही पेट्यांत, नंबर एक, रावजींच्या स्वतःच्या घराचे. खाली आलो तर रावजी खाटेवर. मी विचारलं, राखण? ते म्हणाले, झाली ना, सकाळीच टाकले. मी म्हटलं, पूर्वी तर दिवसभर बसायचात. म्हणाले, पूर्वी काठी होती, साहेब. ती दिवस बुडाल्याशिवाय पुढं जायची नाय. बिल्ला पेटीत पडला की माणूस सुटला, तुम्हीच तर सांगितलं.

म्हणजे आता तेही साहेब म्हणाले.

मुद्दा समजला. पेट्या कमी पडतायत. सहाच्या नऊ करायच्या. सातवीचं लाकूड कापायला घेतलं.

झरा नऊ. भागीबाईने विडीचं विचारलं, मी लिटरमध्ये उत्तर दिलं.

१६ मार्च, मंगळवार, दुपारी २. इंदिरानगर.

खात्याला पाठवायच्या अहवालाचं फेअर काम. शाईच्या पेनाने, पट्टी धरून. रकाना सहा, वृक्षतोड: निरंक. रकाना सात, आगीच्या घटना: निरंक. हजेरी: शंभर टक्के. सोबत बिल्ल्याचं ड्रॉइंग, तीन बाजूंनी.

ज्ञानेश म्हणाला, बाबा, इथल्या बागेत सकाळी हास्यक्लब असतो, बरोबरीची माणसं भेटतील. त्याला अहवाल दाखवला. त्याने मन लावून पाहिला असं वाटलं.

१७ मार्च, बुधवार, सकाळी ९.

पेठहून रावजींच्या मुलाचा फोन. काल दुपारी डोंगर पेटला. शेजारच्या दरीत मोहाची फुलं वेचायला कोणी झाडाखालचा पाला जाळला होता. वारं उलटलं.

माणसं सुखरूप आहेत का, हे आधी विचारायला हवं होतं. मी विचारलं, किती वाजता.

१८ मार्च, गुरुवार. उंबरदरा.

अर्ध्याहून जास्त डोंगर काळा. अकरा वर्षांचा साग उभा आहे, पण खालचं सगळं गेलं. गवत, करवंदीच्या जाळ्या, कोवळी रोपं, पाला. चालताना बुटातून चटका बसत होता.

दुपारी दोनला खालून धूर वर चढला. वर माणूस असता तर त्याने हाळी दिली असती. त्यासाठीच अकरा वर्षं कोणीतरी वर बसत होतं. तीन वाजता शाळेच्या पोरांनी धूर पाहिला. तोवर आग चौथ्या खांबापाशी. उरलेल्या गावाने ओल्या डहाळ्यांनी झोडपत रात्र काढली. रावजींचा उजवा पाय घोट्यापर्यंत भाजला. पडवीत पडून आहेत. मला बघून उठायला लागले. मी नको म्हटलं.

चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या पेटीची राख झाली. चौथ्या खांबाच्या राखेत उकरलं तर बिल्ला सापडला. काळा पडलाय, आकडा वाचता येतो. सतरा. मंगळवारची हजेरी पूर्ण होती.

मी भागीबाईच्या दारात गेलो. खरं लिहायचं तर जाब विचारायला गेलो. नंबर सतरा, जबाबदारी निश्चित करणे, असं वाटेत मनात तयार केलं होतं. तिने पायरीवर घोंगडी टाकली आणि म्हणाली, बसा साहेब. मग म्हणाली, टाकला होता हो. सकाळी नऊलाच टाकला. सहाही टाकले. तुम्ही मोजून बघा.

तिचे दोन्ही तळहात फोडांनी भरलेले. ती मला पुरावा देत होती. तिने मला तू म्हणावं म्हणून मी थोडा वेळ थांबलो. ती म्हणाली, चहा ठेवू का तुम्हाला?

२१ मार्च, रविवार. गुढीपाडवा. इंदिरानगर.

उंबरदऱ्याला गेलो नाही. एसटीला गर्दी असते.

गॅलरीत गुढी. भाग्यश्रीला या वर्षी वेळू मिळाला नाही, म्हणून कोपऱ्यातली काठी घेतली. रेशमी खण, कडुलिंब, साखरेची गाठी, वर तांब्या. ती म्हणाली, छान आहे काठी, हाताला किती गुळगुळीत लागते, कोणाची आहे?

संध्याकाळी गुढी उतरवली तशी काठी मी माझ्या खोलीत आणून दाराला टेकवली. रात्री दोनदा उठून पाहिली. सकाळी आपल्याला कुठेतरी जायचं आहे, असं वाटत राहिलं.

सातवी, आठवी, नववी पेटी: काम स्थगित.

१८ एप्रिल, रविवार. उंबरदरा.

झरा दीड लिटर. गेल्या वर्षी या दिवसांत बायका इथेच धुणंही धुवायच्या. आज रांग होती, भागीबाई नववी. हंड्याला दोन विड्या लागतात. हे माप मी विचारून घेतलं. खाच काढून पिशवीत ठेवली. तिच्या काठाला हंडा अडकत होता.

बिल्ले गोळा केले. कोणी हरवले नव्हते. प्रत्येक घराने सहाच्या सहा मोजून दिले, काही राखेतून काढून पुसलेले.

३० मे, रविवार. उंबरदरा.

बायका दरीत उतरतात. बारा वर्षांनी.

काठी परत आणली होती. रावजी आता काठीच्या आधाराने चालतात, ती वेगळी. राखणीची काठी त्यांनी होळीनंतरच नवी केली. म्हणजे आग विझली त्याच आठवड्यात. तिवसाचीच, अजून पांढरी. मी आणलेली जुनी त्यांनी घेतली, कपाळाला लावली आणि आढ्याला खोचून ठेवली. म्हणाले, बरं झालं आणली. राग कोणाच्याच बोलण्यात नाही. असता तर उत्तर देता आलं असतं.

संध्याकाळी पडवीत बसलो होतो. दिवस मावळला तसा काळू डोंगरावरून उतरला, काठी खांद्यावर, सगळा दिवस उन्हात बसून चेहरा रापलेला. त्याने ती शेजारच्या दाराला टेकवली. उद्या ते घर जाईल, परवा त्याच्या पुढचं. पावसाआधी बियाणं टाकायचंय म्हणून बायका वर टोपल्या घेऊन जातात. मला कोणी नंबर विचारला नाही. काळू जाताना म्हणाला, साहेब, शेवटची जीप आठला जाते, चुकेल तुमची.

चुकली नाही.

७ डिसेंबरची नोंद अपुरी आहे. पूर्ण करतो. त्या दिवशी गवताच्या पैशाचे बेचाळीस वाटे घालताना रावजींनी ते मोडले आणि पुन्हा त्रेचाळीस घातले. म्हणाले, मिस्तरीचं घर त्रेचाळिसावं धरू. वाटाही घ्यायचा आणि त्रेचाळिसाव्या दिवशी काठी तुझ्या दारी यायची. तुझं दार नाशकाला, मग माझ्या पडवीच्या खांबाला टेकवू, तो तुझा. सगळ्यांनी हो म्हटलं. भागीबाई हसली. मी उभं राहून सांगितलं की तज्ज्ञाने वाटा घ्यायचा नसतो, आणि काठीची पद्धत तर आजपासून बंदच होते आहे.

वाट्याची रक्कम एकशे अठरा रुपये.