अगरियाचा अंगठा

१४ सप्टेंबर
बूट बाराशेचे. अमदावादला माझ्या सत्कारासाठी घेतले. परत आलो तो अंगठ्याखाली फोड. मग मलम. मग पाटडीच्या डॉक्टरच्या दोन सुया. मग त्याने साखर तपासली — चारशे! मग गोळ्या. एकूण बूट पडले साडेचार हजाराला. शाल तेवढी फुकट मिळाली!

बूट झटकला तर आतून मिठाचा खडा पडला, हरभऱ्याएवढा. दिवसभर त्यावर उभा होतो. भाषण त्याच्यावरच केलं.

कंकू म्हणाली, "खडा टोचत होता आणि तुम्हाला कळलं नाही?"

म्हटलं, "अगं, अगरियाचा पाय आहे. बूट रडेल, पाय रडायचा नाही!"

भाषणातही हेच बोललो. आम्ही कच्छच्या रणात मीठ पिकवणारे, आमचे पाय मिठात इतके मुरतात की चितेवरही जळत नाहीत. राख थंड झाली की पाय तेवढे उरतात, ते मीठ घालून वेगळे पुरावे लागतात. काय टाळ्या! ज्यांच्या वखारीत मी पोती वाहिली ते शेठ उभे राहून टाळ्या वाजवत होते.

२३ सप्टेंबर
जखम तशीच. रोज सकाळी मिठाचं पाणी घालून काथ्याने घासतो. पिवळा थर निघून रक्त आलं की बरं वाटतं. बापा असंच करायचे. घाण राहिली तर भरेल कशी?

२९ सप्टेंबर
वास यायला लागला. कंकूने रोटला पुढे ठेवला आणि पदर नाकाला लावला. जखमेपेक्षा तेच जास्त लागलं.

३ ऑक्टोबर
अमदावाद. पायाच्या जखमांचा दवाखाना. बाकावर शेजारी सुरेंद्रनगरचा एक सुतार. म्हणतो, "माझी दोन बोटं गेली हो. चप्पलवाला पैसे मात्र पुरे घेतो." सगळे हसले. मीही हसलो, पण पाय बाकाखाली ओढून घेतला.

डॉक्टर शाहिस्ता मन्सुरी. माझ्या मुलीच्या वयाची. "सवशीकाका, डोळे मिटा. पायाला काही लागलं की सांगा." मी डोळे मिटून बसलो. बराच वेळ. शेवटी विचारलं, "बेन, सुरू कधी करणार?"

"झालं, काका. तळवाभर नायलॉनचा ताठ दोरा टोचून झाला."

मिठाचा पाय वगैरे काही नाही म्हणाली. साखरेने नसा मेल्यात. म्हणून खडा कळला नाही.

मग जखम कशी साफ करता ते विचारलं. मी अभिमानाने काथ्याचं सांगितलं. तिने कपाळाला हात लावला.

४ ऑक्टोबर
काल तिने सांगितलं ते डोक्यातून जात नाही. लिहून ठेवतो.

कातडी फाटली की रक्तातून शिपाई धावत येतात. पहिली टोळी जंतू मारते आणि तिथेच मरते. पू म्हणजे बरीचशी त्यांचीच मढी! मागून मोठ्या पेशी येतात. मेलेले जंतू, मेलेले शिपाई, सडकं मांस — सगळं गिळतात. आणि जागा साफ झाली की खरी गंमत. त्याच पेशी स्वभाव बदलतात! भांडण सोडतात आणि बांधकामाला लागतात. नव्या रक्तवाहिन्यांना हाका, नव्या मांसाला हाका.

मी म्हटलं, "बेन, ही तर आमच्या पाट्याची रीत!" पाटा म्हणजे मीठ धरायचा वाफा; तो करताना टोळी आधी फावड्याने जुना गाळ उपसते. मग तीच माणसं फावडं टाकतात आणि अनवाणी पायांनी तळ तुडवून घट्ट करतात. तळ बसला तरच मीठ धरतं.

ती हसली. "बरोबर. फक्त तुमच्या अंगात साखर फार. तुमच्या टोळीला फावडं टाकायची वेळ कळतच नाही, ती उपसतच राहते. त्यात तुम्ही रोज सकाळी येऊन पाटा खणता!"

घाण काढायची ती तिने काढली, सुरीने. मी हात लावायचा नाही. पायावर भार नाही. साखर खाली आणायची. नाहीतर जखम हाडाला लागेल, मग पायाचं सांगता येत नाही.

१५ ऑक्टोबर
रकाबीतला गोड चहा बंद. बिनसाखरेचा माझ्यापेक्षा कंकूला जड जातो, वेगळा करावा लागतो ना!

२१ ऑक्टोबर
पट्टी बदलताना डॉक्टरने आरशात दाखवलं. जखमेच्या तळाला लाल दाणे, डाळिंबासारखे. "हे तुमचे बांधकामवाले, काका." मी बघतच राहिलो. आयुष्यभर माणसं कामाला लावली, पण इतकी गपचूप काम करणारी टोळी पाहिली नाही.

२६ ऑक्टोबर
पथा आला. लहानपणी आम्ही एकाच पाट्यात तुडवायचो. तो अजून तुडवतो, आता माझ्या पाट्यात. पाटे तयार आहेत. दर हंगामाला पहिली पावलं माझी असतात, अनवाणी. त्याशिवाय टोळी पाय घालत नाही.

"या वर्षी मीच टाकतो," पथा म्हणाला. "तू बस शेठ होऊन. शाल आहेच पांघरायला!"

२८ ऑक्टोबर
टाकली. सात पावलं.

पट्टीवर प्लास्टिकची पिशवी, वर रबर. कंकू आडवी आली तर तिला म्हणालो, "डॉक्टरीण तरी कशाने धुते? मिठाच्या पाण्यानेच ना! आपलं तर अस्सल!" टोळी हसली. पथा नाही हसला. पाचव्या पावलाला पिशवी फाटली असणार. मला काय कळणार?

२ नोव्हेंबर
ताप.

४ नोव्हेंबर
अमदावाद. पाय घोट्यापर्यंत लाल. डॉक्टर शाहिस्ता ओरडली नाही. ओरडली असती तर बरं.

"काका, माझ्या पाण्यातलं मीठ डोळ्यातल्या पाण्याएवढं असतं. तुमचं लोणच्याचं. आणि त्यातला चिखल वेगळाच." फोटो काढला. अंगठ्याचं हाड सडलंय. अंगठा दिला तर पाय राहील.

दाणे कुठे गेले, विचारलं.

"गेले, काका."

बाहेर कंकू भिंतीकडे तोंड करून उभी होती. मला बघून डोळे पुसले आणि म्हणाली, "अंगठा ना? देऊन टाका. मला तुम्ही हवे."

६ नोव्हेंबर
गेला. अर्ज करून मागून घेतला. दवाखान्याच्या भट्टीत नको, आपल्या मसणात नेऊन रीतीने अग्नी द्यायचा. पथाच्या हाती दिला. शेजारच्या खाटेवाल्याला म्हटलं, "बघा, परत येईल! अगरियाचा अंगठा आहे, जळायचा नाही. पुरावाच लागेल." तो हसला. पथा पिशवी घेऊन निघून गेला.

१९ नोव्हेंबर
साखर एकशे चाळीस. काहीही करत नाही. बसून असतो. आयुष्यात पहिल्यांदा कळतंय की नुसतं बसणं हेही काम आहे, आणि अवघड आहे.

३० नोव्हेंबर
दाणे आले! कंकूलाही आरशात दाखवले. ती म्हणाली, "यांना काही खायला द्यायचं का?" डॉक्टर म्हणाली, डाळ, अंडी. कंकूने अंड्याला 'हो' म्हटलं! घरात कधी अंडं आणलेलं नाही.

२१ डिसेंबर
कडेने पातळ गुलाबी कातडी सरकत येतेय, पाट्यावर मिठाची पहिली साय धरते तशी. हात शिवशिवतो. लावत नाही.

९ जानेवारी
जखम मिटली. पथा पहिलं मीठ मूठभर घेऊन आला. आज विचारलं, "अंगठा पुरलास कुठे?"

त्याने मूठ माझ्या हातावर रिकामी केली. म्हणाला, अग्नी देऊन बिडी पेटवली होती. ती संपायच्या आत अंगठ्याची राख झाली.