आला बांध

८ जुलै, मंगळवार

संपादकांना यशस्वी माणसं हवीत. दर रविवारी एक. ‘परिश्रम आणि शिस्त’ असं नवं सदर निघालंय. हाताची घडी घातलेला फोटो हवा म्हणाले. शहापूर आणि मुरबाड माझ्याकडे – म्हणजे दोन तालुक्यांतल्या हाताच्या घड्या माझ्याकडे!

संस्कृतात एम. ए. झाले तेव्हा असं काही होईल वाटलं नव्हतं. आता पाण्याच्या टाक्यांची उद्घाटनं झोपेतही लिहीन. विरंगुळा एकच. दुसऱ्या साप्ताहिकात चूक सापडली की दुरुस्ती पाठवायची. त्यांचा वार्ताहर मुकेश मला नम्रताबाई न म्हणता ‘शुद्धिपत्रक मॅडम’ म्हणतो. म्हणू दे.

म्हटलं, पहिल्यांदा सावळीची टीम घेऊ. डोळखांबकडच्या पाड्यावरच्या बायका, रस्सीखेच खेळतात. संपादक म्हणाले, त्या तर गेल्या जानेवारीत हरल्या, व्हिडिओ फिरत होता. म्हटलं, यशस्वी व्हायच्या रांगेत आहेत. त्यांनी फोन ठेवला. होकार समजायचा.

११ जुलै

सावळी आवणी, म्हणजे भातलावणी, थांबवून बोलायला तयार नाही. बांधावर छत्री धरून उभी राहिले, वही भिजली. ती वाकलेली, मान खाली – “बोलायचं तं इकडं चिखलात ये.” सावळी सगळ्यांनाच ‘तू’ म्हणते. तहसीलदारांनाही म्हणाली होती, तेव्हा मी हजर होते. ते खूश झाले होते.

साडी खोचून उतरले. भाताची रोपं लावत उलटं चालायचं. सगळ्या बायका एका ओळीत, एका चालीत, पुढचं हिरवं होत जातं आणि मागचं दिसत नाही. ज्या बाईची टाच आधी बांधाला लागते ती ओरडते, “आला बांध!” की सगळ्याजणी एकदम उभ्या. कमरेवर हात, मान वर, मग हसणं-बोलणं. लहानपणापासून हेच.

गेल्या जानेवारीत घात केला तो याच ‘आला बांध’ने. मुरबाडजवळच्या कापलेल्या शेतात सामना. जिंकतच होत्या. उलटं चालायचं काम, त्यात यांना हरवणार कोण? ओढत ओढत मागे आल्या. शेवटच्या काजलची टाच बांधाला लागली, ती सवयीने ओरडली – आणि आठही जणींनी दोर सोडून कमरेवर हात ठेवले. समोरचा संघ उताणा पडला, उठला, मोकळा दोर ओढून घेऊन गेला.

मी हसले. सावळी नाही हसली.

समोरच्या संघाची म्होरकी बुधीबाई म्हणजे सावळीची विहीण. सावळीची लेक हर्षाली त्या घरात दिलेली. तिच्या हातून पेला निसटला, दोर निसटला, कोंबडी निसटली, काहीही – बुधीबाई म्हणते, “आईवर गेली. सोडतात लगेच.” मनात काही नाही बाईच्या, सावळी सांगत होती, पण घर हसतं. पोर फोनवर सांगत नाही, तरी कळतं.

“औंदा तिच्या तोंडातला तो शबुद काढायचाय,” म्हणाली. बाकी मुलाखत काही झाली नाही.

१२ जुलै

कंबर. दुसरं लिहिण्यासारखं काही नाही.

२० जुलै

पुन्हा गेले. काजलला वासिंदला कंपनीत काम लागलं, पाळ्या असतात, ती यंदा नाही. म्हणजे सात उरल्या. सावळीने मला वरून खाली पाहिलं. एवढं निरखून मला लग्न ठरवतानाही कुणी पाहिलं नव्हतं.

“तू मागं राहशील? शेवटाला जड बाई लागते.”

सांगितलं की मी वार्ताहर आहे, वार्ताहराने बातमीत शिरायचं नसतं. ती म्हणाली, चिखलात शिरलीस ना. एक सुभाषित जिभेवर आलं होतं, गिळलं. हो म्हणून बसले. पण तिची अट – आधी तिच्यासोबत आवणी. “आमच्या पायाशी तुझा पाय जुळला तं दोर धरायचा. नाय तं नाय.”

घरी नवऱ्याला, सुदामरावांना सांगितलं. आटगावला रोजची लोकल पकडणारा माणूस, दमलेला होता. तरी जेवता जेवता मधेच हसायला लागले ते थांबेचनात.

२ ऑगस्ट

सावळीचं शेत संपलं. मग कमळूचं. कमळू म्हणजे तिची जाऊ. मग पुढल्या पाड्यावरचं. मी जमेल तशी जात होते. पहिल्या आठवड्यात माझी ओळ ओळखू यायची, दारू पिऊन लावल्यासारखी. सावळी उपटून पुन्हा लावायला लावी. रागावायची नाही. रागावली असती तर बरं!

पाठशाळेत गुरुजी असेच होते. आधी घोका, अर्थ नंतर येईल. आम्हाला वाटायचं अर्थ त्यांनाही येत नसणार. पण एके दिवशी रूपं आपोआप तोंडून यायला लागली आणि कुणी अडवलं तरी थांबता येईना. तसंच झालं आज. मी कुठल्याशा ग्रामसभेचा विचार करत होते, पाय आपले आपण मागे जात होते, सगळ्यांच्या बरोबर. मग टाचेला काहीतरी लागलं.

“आला बांध!” – माझाच आवाज!

सगळ्या उभ्या राहिल्या. मीही. कमरेवर हात ठेवून आभाळाकडे पाहिलं. एवढं बरं मला एम. ए.च्या निकालाला वाटलं नव्हतं.

१४ ऑगस्ट

‘परिश्रम आणि शिस्त’मध्ये या आठवड्यात पेट्रोलपंपवाले. घडी छान.

९ नोव्हेंबर

कापणी झाली, झोडणी झाली. सराव सुरू. शिकवायला रत्नप्रभाताई. सापगावच्या, एसटीत कंडक्टर, तरुणपणी कबड्डी खेळलेल्या. मीच आणलं त्यांना. तीनदा पश्चात्ताप झाला.

खाकीवरच येतात. हातात पितळी घंटी. कुठून आणली विचारलं नाही. नियम गाडीतलाच – दोन वाजल्या की ओढायचं, एक वाजली की सोडायचं. मधे कुणाचं काही ऐकायचं नाही. “मी बेल देत नाय तोवर माझ्या गाडीतून कोण उतरत नाय.”

दोर मोहाच्या झाडाला बांधलेला. झाड हललं नाही. आमची पहिली हार झाडाकडून.

२३ नोव्हेंबर

या बायका भाकऱ्या उरकून येतात, सराव करतात, मग भेंडीच्या तोडणीला जातात. मी मोटारीने येऊन उशीर करते. आज सराव संपल्यावर पोचले आणि मंत्र्यांच्या दौऱ्यामुळे चुकला असं सांगितलं. रत्नप्रभाताईंनी फक्त घंटी वाजवली, दोनदा, आणि सगळ्यांनी माझ्यासाठी पुन्हा दोर उचलला. सबंध सराव, पहिल्यापासून. कमळूला कामावर जायला उशीर झाला.

यापुढे मंत्र्यांनी माझी वेळ विचारून यावं.

१४ डिसेंबर

जुना आजार निघाला. शेजारच्या पाड्यावरच्या बाप्यांना समोर उभं केलं, आम्ही त्यांना सरळ ओढत बांधापर्यंत आणलं आणि – कमरेवर हात! सगळ्या! बाप्ये उताणे. त्यांनाही आवडलं असावं, पुन्हा येतो म्हणाले.

सावळी दोराकडे बघत बसली. मग रत्नप्रभाताईंनी उपाय काढला. बांधाला टाचा लावूनच उभं करतात. तिथूनच सुरुवात. पाठ म्हणते उठ, टाच म्हणते झालं, आणि आम्ही दोर धरून वाकलेल्या. ताई समोर बसून पेरू खातात. बिया थुंकतात. एखादीची मूठ सैल झाली की शिक्षा म्हणून आणखी एक पेरू काढतात.

“बांध आला म्हंजे काम झालं असं तुमाला कोणी सांगितलं?” – ताई, पेरू चावत.

सावळी दात आवळून म्हणाली, “आमच्या आयांनी.”

ताई हसल्या. घंटी नाही दिली.

४ जानेवारी

आज टाच बांधाला लागली आणि सातही जणी वाकलेल्याच राहिल्या. मी धरून आठ म्हणायला हवं. पण मी जरा उठले होते. कुणी पाहिलं नाही. सावळीने पाहिलं.

२५ जानेवारी

बुधीबाईचा सावळीला फोन. उद्या येताना दोर घट्ट धरायला चिकाचं काहीतरी लावून या म्हणाली. मागे हर्षालीचा आवाज होता, भांडं घासत असावी. सावळीने ‘बरं’ म्हटलं आणि जेवली. मला जेवण गेलं नाही.

२६ जानेवारी

लिहिते. तळहात सोललेत म्हणून अक्षर असं.

मुरबाडजवळचं तेच शेत. तीच विहीण. नाणं उडवलं, आम्हाला बांधाकडची बाजू आली. लोक आधीच हसायला लागले. मुकेश मोबाइल धरून तयार. हर्षाली सासरच्या बायकांत उभी, पदर तोंडाशी. ती कुणाच्या बाजूची आहे हे तिला स्वतःलाही ठरवता येत नसावं.

पहिली फेरी. दोन घंट्या. वाकलो, पाय मागे, पाय मागे, जसं काही हिरवं होत चाललंय. बुधीबाईचा संघ घसरत येत होता. मग माझ्या टाचेला बांध लागला.

मी उभी राहिले. कमरेवर हात. आणि खणखणीत – “आला बांध!”

मी! ज्या बाईने जुलैपर्यंत चिखलात पाय घातला नव्हता ती! बाकी सात जणी वाकलेल्याच होत्या, एकीनेही सोडलं नाही, पण शेवटची जड बाई उभी राहिल्यावर त्या काय करणार. गेल्या सरपटत पुढे. सगळं शेत हसलं. बुधीबाई तर खाली बसली हसता हसता.

तोंड लपवायला जागा शोधत होते. सावळी आली. वाटलं आता ती बोलणार, आणि बोलायलाच हवं होतं. ती मातीने माखलेल्या हाताने माझा गाल धरून हसायला लागली – पहिल्यांदाच, या विषयावर. “आता खरी आमची झालीस गो. आता मात्र नको होऊ.”

दुसरी फेरी जिंकलो. ती कशी, आठवत नाही. डोळे मिटून शब्दरूपावली म्हणत होते.

तिसरी. पुन्हा बांध. टाच लागली. पाठीतला एकेक मणका उठ म्हणत होता. नाही उठले. टाचा बांधात रुतवल्या आणि पुढच्या सगळ्या माझ्यावर रेलत आल्या. दोरावरचा रुमाल रेघेपार. पंचांची शिट्टी झाली. लोक ओरडत होते, जिंकल्या, जिंकल्या! पण घंटी नाही. आम्ही कशाला सोडतोय? बांध चढलो, पलीकडच्या शेतात उतरलो, बुधीबाईसकट सगळा संघ बांधावरून ओढून आणला. पंच मागे शिट्ट्या फुंकत धावताहेत. रत्नप्रभाताई खाकी बाहीने डोळे पुसत उभ्या होत्या, घंटी वाजवायचं विसरूनच गेल्या होत्या!

शेवटी कुणीतरी आठवण केली. एक वाजली. सोडलं. आणि तिथेच, परक्याच्या शेतात, कमरेवर हात.

हर्षाली पाणी घेऊन आली. आधी आईकडे. देता देता पेला निसटला, पाणी सावळीच्या पायावर. सगळ्यांनी बुधीबाईकडे पाहिलं. तिने वाकून पेला उचलला, पदराने पुसला, सुनेच्या हातात दिला.

“दुसरा भर. आई दमलीय तुझी. ही बया सोडत नाय.”

२७ जानेवारी

संपादकांचा फोन. रस्सीखेचीची बातमी कुठे आहे? तुमच्याच तालुक्यातली, तुम्ही हजर होतात म्हणे. म्हटलं, हजर होते म्हणूनच राहिली. ‘परिश्रम आणि शिस्त’साठी तरी सावळीचा फोटो पाठवा म्हणाले. तिचे हात घडीत नाहीत, कमरेवर आहेत, असं सांगितलं. चालेल का ते विचारून कळवतो म्हणाले.

३० जानेवारी

मुकेशच्या साप्ताहिकात पहिल्या पानावर फोटो. आठही जणी, चिखल नसूनही चिखलातल्यासारख्या. खाली नावं. शेवटी – ‘नम्रताबाई, भातशेती, रा. डोळखांब’.

दोनदा वाचलं. दुरुस्ती पाठवणार नाही.