आक्काताईंच्या पुस्तकापुढचा १

३ ऑगस्ट ८७
पुण्याहून छापील यादी आली. वर्षभर आम्ही भरून पाठवलेले तक्ते तिथल्या कॉम्प्युटरात गेले आणि आमच्या ग्रंथालयाची पुस्तकं अशी देखणी होऊन परत आली. भाषेची चौकट, सालाची चौकट. शेवटच्या चौकटीत, रचलेली गोष्ट असेल तर १, नसेल तर ०. बहुतेक आकडे माझे. ग्रंथपाल साहेबांनी पेढे आणले. छाती फुगली, खोटं कशाला बोलू.

११ ऑगस्ट
कबनूरहून एक बाई आल्या, आक्काताई. स्वतःची हकिगत लिहून इचलकरंजीत छापून घेतलीय, एक प्रत आम्हाला दिली होती. दारात टांगलेल्या यादीत ती कादंबऱ्यांत गेलीय. बाईंनी टेबलावर हात आपटला.
"माजी पोरगी तापानं मेली. पोरगी हाय म्हणून दवाखान्यात न्हेली न्हाय. त्येच लिवलंय म्या. आता दीर गावभर सांगत फिरतोय, लायब्ररीवालं बी म्हणत्यात ही रचल्याली गोष्ट हाय. तुमी वाचलं व्हतं काय?"
"चाळलं होतं," म्हणालो. कसलं चाळलं!

१२ ऑगस्ट
तक्ता काढला. १ माझ्याच हातचा, चांगला ठसठशीत. आमची पद्धत अशी: मधलं पान उघडायचं, माणसं बोलताना दिसली की १. गठ्ठा लवकर संपतो. बाईंच्या पुस्तकात सासू बोलते, दीर भांडतो. टाकला १. खरी माणसंही बोलतात, भांडतात, हे डोक्यात आलं नाही. लाज वाटते.

१४ ऑगस्ट
पुस्तक घरी आणलं. सौ.ने आधी वाचलं. "अहो, हे कुणी मनानं रचतं होय?" एवढंच. मग मी वाचलं. पोरीचं नाव शकू. यंत्रमागांच्या खडखडाटात ती पाणी मागत होती. पुढचं लिहवत नाही.

१८ ऑगस्ट
दुरुस्तीचा कागद भरून साहेबांपुढे ठेवला. चूक माझी, असंही लिहिलं.
"बाईंना म्हणावं, खरं असल्याचा पुरावा आणा. उद्या कुणीही उठून येईल."
१ टाकताना माझ्याकडे कुणी पुरावा मागितला नव्हता. ओठावर आलेलं गिळलं. माझ्या बढतीची फाइल त्यांच्या टेबलावर आहे ना!

२५ ऑगस्ट
आक्काताई आल्या. त्यांना पुराव्याचं विचारलं. मान वर होईना.
"कसला पुरावा ओ? ती जल्मली त्ये कुणी लिवून ठिवलं न्हाय, मेली त्ये बी न्हाय. फोटू न्हाय. ह्ये पुस्तकच हाय की तिचं."
साहेबांना जाऊन सांगितलं. त्यांनी कागद ड्रॉवरमध्ये टाकला, कुलूप लावलं. "पुढच्या यादीच्या वेळी बघू."
पुढची यादी कधी, देव जाणे.

९ सप्टेंबर
आज आक्काताई भुईमुगाच्या शेंगा घेऊन आल्या. "धाडला काय कागूद पुण्याला?"
आणि मी म्हणालो, "धाडला."
का म्हणालो? त्यांचं तोंड बघवेना म्हणून. की त्या लवकर जाव्यात म्हणून? बहुतेक हे दुसरं.
पदरानं डोळे पुसले त्यांनी. "उद्या दिराच्या दारात हुबी ऱ्हाऊन सांगती. लायब्ररीनं चूक कबूल केली म्हणावं. शकू खरी हाय म्हणावं."
थांबा म्हणायला हवं होतं. जिना उतरून गेल्या तरी मी खुर्चीतच.

१० सप्टेंबर
शेंगा घरी नेल्या नाहीत. टेबलाखाली तशाच आहेत.
साहेब आजपासून रजेवर. जाताना ड्रॉवरची किल्ली नेहमीसारखी माझ्याकडे दिली. कागद काढला. खाली सहीची जागा साहेबांची, अजून कोरी. पुण्याचं टपाल चारला जातं.
पेन उघडलंय. आक्काताई आतापर्यंत दिराच्या दारात पोचल्या असतील.