खिडकीजवळच्या बाकावरची थाळी

सिंदी (रेल्वे), ३ जून २०२४

ती. वासुदेवदादास,
धाकट्या मनकर्णेचा प्रभूमध्ये सलाम. वि. वि.

काल वर्ध्याला चर्चमध्ये तुह्याशी एक अक्षर बोलली नाई, ते मुद्दामच. फोन करावा तर कानाचं यंत्र लावूनही तुले अर्धंच ऐकू येते आणि उरलेल्या अर्ध्यावर तू चिडतो. म्हणून हे पत्र.

काल पहिला रविवार, प्रभुभोजनाचा. तू भाकरीची थाळी घेऊन आमच्या खिडकीजवळच्या बाकापाशी आला. मले दिली, साहिलले दिली आणि माह्या सुनेच्या नाकासमोरून थाळी उचलून पुढं चालता झाला. लग्न होऊन वर्ष झालं, दर महिन्याले हेच चाललं आहे. अंकिता मान खाली घालून गाण्याच्या पुस्तकाची पानं उलटते. अरे, ती काय रस्त्यावरून आली का? तिचे बाबा महादेवराव समुद्रपूरकडच्या खेड्यापाड्यात सायकलवर फिरून उपासना घेत. त्यांच्या मंडळीत तान्ह्या लेकराच्या डोक्यावर पाणी घालून बाप्तिस्मा देतात, तसा त्यांनी स्वतःच्या हातानं आपल्या लेकीले दिला. ज्या वाटीतलं पाणी घातलं ती वाटी तिच्या माहेरी अजून दुधाले वापरतात. आणि चर्चचा कारभार पाहणारी तुमची डीकन मंडळी म्हणते की तो बाप्तिस्माच नव्हे, म्हणून तिले भाकर नाई! मले याचा इतका वीट आला आहे की काय सांगू बाप्पा.

वहिनीले सलाम. रागावली आहे, तरी तुहीच,
मनकर्णा

वर्धा, ९ जून २०२४

चि. मनकर्णेस,
दादाचे आशीर्वाद आणि सलाम.

पत्र मिळालं. एवढी मोठमोठी अक्षरं कशासाठी? माझे कान गेले आहेत, डोळे नाहीत.

नियम मी घरी बसून केलेला नाही. आपल्या आजोबांपासून चालत आला आहे. माणसानं स्वतःच्या तोंडानं विश्वास कबूल करायचा, स्वखुशीनं पाण्यात उतरायचं आणि पूर्ण बुडून वर यायचं. तान्ह्या लेकराला कसली आली खुशी? महादेवराव भला माणूस होता, मी त्यांचा मान ठेवतो. पण एकीसाठी वाकवला तर तो नियम कसला? अंकितासमोरून थाळी नेताना मला काही गोड वाटत नाही, एवढं तरी समज.

आनंदाची बातमी म्हणजे आपली रोशनी बाप्तिस्म्याच्या वर्गाला बसली आहे. माझी नात म्हणून सांगत नाही, पण पोरगी स्वतःहून तयार झाली. १८ ऑगस्टला व्यासपीठापुढच्या फळ्या काढून खालचा बाप्तिस्म्याचा हौद भरायचा ठरलं आहे. त्यातच अंकिताचं नाव घाल. एक पांढरा ड्रेस शिवला की काम झालं. उगाच हट्ट काऊन करून राह्यली?

तब्येतीला जप, साहिलला आशीर्वाद. रागावर नाही, मायेवर राहा.
वासुदेव

सिंदी (रेल्वे), ८ जुलै २०२४

ती. दादास,
सलाम. वि. वि.

काल तू पाहिलंच. थाळी माह्या हातात आली आणि मी न घेता तशीच तुले परत केली. तू डोळे वटारले, मी खिडकीबाहेर पाहत बसली. पाळकसाहेबांच्या बाईंनी नंतर दारात धरून विचारलं की मनात काही पाप आहे काय. मी म्हटलं, भावावर राग आहे, त्याले पाप म्हणत असतील तर आहे! स्टेशनपर्यंत बायकांची कुजबुज मागं मागं येत होती. साहिल बिचारा गाडीत म्हणाला की आई आणि मामा दोघंही एकाच मातीचे.

दादा, मी पोरीले समजावलं नाई असं नको समजू. लई समजावलं. ती शांतपणे म्हणाली की आता मी पाण्यात उतरली तर माझ्या बाबांनी त्या दिवशी माझे केस फक्त ओले केले असा अर्थ होईल, आणि ते तर आता उत्तर द्यायलाही नाहीत. तुह्यापाशी उत्तर असेल तर लिहून धाड. तोवर जी थाळी तिच्यापुढून जाईल ती माह्याही पुढून जाईल. चाळीस वर्षं झाली, प्रभुभोजन कधी चुकवलं नव्हतं. रात्री वाईट वाटते, पण मागं हटणार नाई.

बीपीची गोळी विसरत जाऊ नको. लोभ ठेव, नियम थोडा बाजूला ठेव.
मनकर्णा

सिंदी (रेल्वे), १७ जुलै २०२४

ती. मामाजींस,
अंकिताचा आदरपूर्वक सलाम.

आईंना न सांगता लिहीत आहे, त्याबद्दल क्षमा असावी. आई प्रभुभोजन घेत नाहीत, तुमच्याशी बोलत नाहीत आणि घरी आल्यावर रविवारभर कुणाशीच धड बोलत नाहीत. माझ्यापायी भाऊबहिणीत अबोला यावा हे मला सहन होत नाही. म्हणून १८ ऑगस्टसाठी माझं नाव घ्यावं, ही विनंती.

मनातलं विचाराल तर मन तयार नाही. घरात शांतता यावी, एवढ्यासाठीच उतरते आहे. मला खोटं बोलता येत नाही म्हणून खरं ते लिहिलं. पुढचं तुम्ही मोठ्यांनी पाहावं.

रोशनीला माझं प्रेम सांगावं. तुमची माया आहे, ती राहू द्यावी.
तुमची सून,
अंकिता

वर्धा, २० ऑगस्ट २०२४

चि. मनकर्णेस,
आशीर्वाद. वि. वि.

परवा झालं तरी काय? मला कुणी धड सांगेना! पाळकसाहेबांना हात द्यायला मी हौदात उतरलो होतो. यंत्र भिजू नये म्हणून काढून कोटाच्या खिशात ठेवलं. रोशनी बुडून वर आली, नाकातोंडात पाणी आणि तरी हसू, मला रडूच आलं. मग अंकिता उतरली. कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिली. पाळकांनी विचारलं, ती काहीतरी बोलली. त्यांनी पुन्हा विचारलं, ती पुन्हा बोलली. मग माझ्याकडे वळून माझा दंड धरला आणि आणखी काही बोलली. मला वाटलं पोरगी पाण्याला भ्याली. मी हसून डोक्यावर थोपटलं, भिऊ नको म्हणालो. तर ती रडत पायऱ्या चढून निघूनच गेली! न बुडता!

सगळी मंडळी माझ्याकडे पाहत होती आणि मी बावळटासारखा पाण्यात उभा. पाळकसाहेब म्हणतात, बहिणीला विचारा. रोशनी कानाशी ओरडून म्हणाली की आबा, चूक तुमची आहे, आणि दार आपटून गेली. ही काय वागण्याची रीत झाली? ताबडतोब लिही.

वाट पाहतो.
वासुदेव

सिंदी (रेल्वे), २३ ऑगस्ट २०२४

ती. दादास,
सलाम.

तर ऐक, म्हणजे वाच. पाळकांनी विचारलं की हा बाप्तिस्मा तू स्वखुशीनं घेत आहेस काय. अंकिता म्हणाली, नाही, आई आणि मामाजींनी एकमेकांशी बोलावं म्हणून घेते आहे. पाळकांनी तिले सावरायचा मोका दिला, पुन्हा विचारलं. ती पुन्हा तेच म्हणाली. मग पाळक तिले बुडवतील कसे? स्वखुशीचा नियम तुमचाच! तू मले जून महिन्यात थाटात लिहिला होता.

आणि तुले तिनं आधी पत्र पाठवलं होतं, हे तिनं मले गाडीत सांगितलं. मन तयार नाई असं साफ लिहिलं होतं ना? वाचून तू चूप काऊन राह्यला? त्याचा मले सगळ्यात जास्त संताप आला. मले वाटलं होतं माह्या समजावण्यानं ती तयार झाली, आणि मी मूर्खासारखी तिचा ड्रेस इस्त्री करत होती.

तुह्या दंडाले धरून तिनं म्हटलं की मामाजी, माफ करा, बाबांना मी खोटं पाडू शकत नाही. तू ऐकलं नाई. हसला, आणि हौदातला ओला हात तिच्या डोक्यावर ठेवून थोपटलं. केसातून पाणी कपाळावर आलं. गाडीत ती रडतच होती. सेलू स्टेशन गेल्यावर म्हणाली की बाबांनी घातलं असेल तेही एवढंच पाणी असेल.

येत्या पहिल्या रविवारी आम्ही दोघी येऊ, थाळी पुढं जाऊ देऊ आणि घरी येऊ.

जीव जळते, तरी सलाम.
मनकर्णा

वर्धा, २९ ऑगस्ट २०२४

चि. मनकर्णेस आणि चि. सौ. अंकितास,
आशीर्वाद.

अंकिताचं पत्र माझ्याजवळच होतं. मला वाटलं, पाण्यात उतरली की मन मागून येईल. असं होत नाही, हे या वयात मला कळायला हवं होतं.

काल डीकन मंडळींची बैठक झाली. मी विषय काढला. दोघं ऐकून घ्यायला तयार होते, बाकीचे नियमाचं पुस्तक उघडून बसले. ते पुस्तक मीच त्यांना शिकवलं आहे. दोन तास घसा कोरडा केला आणि काही निघालं नाही. नियम आहे तिथंच आहे आणि तो एकट्यानं मोडायचा मला अधिकार नाही.

पण तिच्यासमोरून थाळी नेणं आता माझ्याच्यानं होणार नाही. थाळीचं काम मी दुसऱ्या डीकनच्या, रूपरावाच्या हाती दिलं. रविवारी मी तुमच्या बाकावर बसेन. थाळी येईल, तुमच्यापुढून जाईल, माझ्याही पुढून जाईल.

जागा ठेवजो. यंत्र कानात घालून येतो. अंकिताला माझ्या उजव्या हाताला बसव, डाव्या कानाचं आता काही खरं नाही. हौदात जे म्हणाली होती ते तिनं मला पुन्हा एकदा सांगावं.

तुमचा,
वासुदेव