तीन ठिपक्यांचा सिलेंडर

ता. ४ फेब्रुवारी

चि. खुडबुड्यास,
ताईचे भरभरून आशीर्वाद. वि. वि. ट्रकवाल्याबरोबर गोणपाटात बांधून जे धूड पाठवलंय, ते आप्पांच्या नावेचं इंजिन आहे, दचकू नकोस. इतका निळा धूर सोडतं की नावेमागे पाण्यावर लांबलचक ओढणी सुटल्यासारखी दिसते. मला ते बघत बसायला आवडतं, पण नावा तपासणाऱ्या साहेबांना नाही आवडत. महिनाअखेरपर्यंत धूर थांबला नाही तर नाव कायमची काठाला, असं त्यांनी बजावलंय. नाव बंद म्हणजे आप्पा बंद, हे तुला सांगायला नको.

इंजिन काढल्यापासून ते बांधलेल्या नावेतच जाऊन बसतात. नाव जागच्या जागी डुलते आणि आप्पा सुकाणू धरून पलीकडे बघत राहतात. परवा दोघी भाजीवाल्या टोपल्या घेऊन चुकून चढल्या, तर त्याही बराच वेळ नुसत्या बसून राहिल्या म्हणे.

इंजिन तुझ्याकडे आलंय हे त्यांना ठाऊक नाही. शहरातल्या कुणाही मिस्त्रीला दे म्हणाले. निरोप एवढाच, की सिलेंडरला हात लावायचा नाही, फक्त पिस्टनवरच्या रिंगा बदलायच्या. चौदा वर्षं तुम्ही बापलेक एकमेकांशी बोलत नाही आणि मी आपली मधल्यामधे पोस्टमन. निदान माझी लाज राख.
लोभ आहे तसा असू दे, वाढला तर तक्रार नाही.
तुझी ताई

ता. ९ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. निरोप पाळला नाही. आधी तपासल्याशिवाय मला काम करता येत नाही. सिलेंडरच्या आत बोट फिरवलं तर वरच्या टोकाशी नख अडकलं. पिस्टन पोचतो तिथवर भिंत झिजलेली, त्याच्या वर कोरी. मग रिंग आत सारून तीन ठिकाणी तिच्या दोन टोकांमधली फट मोजली. वर रुंद, खाली अरुंद. इथवर नेहमीचंच म्हातारपण. पण झीज एकाच अंगाला फार, म्हणून खिडकीकडे धरून दुर्बिणीसारखं आतून पाहिलं. गोल उजेडात मला चक्क आपली नदी दिसायला लागली, पैलतीराच्या झाडासकट. किती वेळ तसाच उभा होतो कोण जाणे. दुकानातले सगळे हसत होते. भानावर येऊन मोजलं, तर भोक मुळातच केसभर कललेलं निघालं.

पुसता पुसता बुडाशी खुणेसाठी पंच ठोकून उमटवलेले तीन ठिपके दिसले. ताई, ते माझे आहेत. मी आयुष्यात बोअर केलेला, म्हणजे आतून कापून गोल केलेला, पहिला सिलेंडर हा. आप्पा तेव्हा चार माणसांदेखत म्हणाले होते, की या पोराच्या हाताला सरळपणा नाही, हा सिलेंडर नदीत फेकतो आणि नवा आणतो. दुसऱ्या सकाळी मी घर सोडलं. मग हा इथं कसा? त्यांना विचार आणि खरं काय ते कळव.
लोभ असतोच तुझा, या वेळी जरा जास्त लागेल.
तुझा खुडबुड्या

ता. १४ फेब्रुवारी

चि. खुडबुड्यास,
अ. आ. विचारलं बाबा. आधी माझ्यावरच उखडले, की त्याच्याकडे का पाठवलंस. आज सकाळी चहा पिता पिता आपणहून सांगितलं. त्या दिवशी सिलेंडर खांद्यावर टाकून ते नदीपर्यंत गेले होते, पण हात उचलेना. तसेच घरी आले. सकाळी बघतात तर तू नाहीस. मग नवा आणलेला त्यांनी परत केला आणि तुझाच बसवला. चौदा वर्षं रोज आधी त्यात तेलाचे चार थेंब, मग इंजिन सावकाश गरम करायचं, आणि दिवसभर कान तिकडेच, पिस्टन कुठं अडकायला नको. म्हणून नावेत त्यांची पापणी लवत नाही! मी आपली चेष्टा करायची, की आप्पांचं लग्न इंजिनाशी लागलंय. आज मला फार रडू आलं.

हट्ट मात्र तोच, फक्त रिंगा. आता तूच लिही त्यांना. मी पोस्टमनकीचा राजीनामा देतेय.
राजीनामा दिला तरी लोभ चालू.
तुझी ताई

ता. १७ फेब्रुवारी

ती. आप्पांस,
साष्टांग नमस्कार वि. वि. चौदा वर्षांनी लिहितोय. अक्षर वाकडं आलं तर तेही माझंच.

कललेल्या भोकात नव्या रिंगा घातल्या तरी आठ दिवसांत पुन्हा धूर. भिंतीत अजून एका बोअरपुरतं लोखंड शिल्लक आहे. तेवढं कापून सरळ करतो, पुढच्या मापाचा पिस्टन घालतो, आणि शेवटी दगड फिरवून आत बारीक तिरक्या रेघा पाडतो. आरशासारखा गुळगुळीत सिलेंडर तेल धरत नाही, रेघा धरतात. माझी चूक भुसा होऊन खाली पडेल. ठिपके बुडाशी आहेत, ते तसेच राहतील.

मला माझं काम पुरं करू द्या. पंचवीस तारखेला मी स्वतः घेऊन येतो. नको असेल तर कळवा, उत्तर आलं नाही तर हो समजेन. तुमच्यावरचा राग पुष्कळ सांभाळला, आता झेपत नाही.
लोभ उरला असेल तेवढा पुरे.
तुमचा खुडबुड्या

ता. ६ मार्च

चि. खुडबुड्यास,
अनेक आशीर्वाद. ताईने राजीनामा दिलाय, म्हणून मीच लिहितोय. साहेब येऊन गेले. पार वाकून वाकून पाहिलं, पण नावेमागे नुसतं पाणी. बिचारे हिरमुसले.

तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी माझी फजिती झाली. दुपारची वेळ, नाव काठाला बांधलेली, माणसं भरत होती, इंजिन हलकेच चालू. मी सवयीने कान दिला, तर ऐकण्यासारखं काहीच नाही. एकसारखी गुणगुण नुसती. आणि डोळा लागला की! स्वप्नात तू सिलेंडर बोअर करत होतास, भोवती चार माणसं होती, आणि मी तोंड मिटून उभा होतो. भाजीवालीने हलवून जागं केलं आणि विचारलं, की आज स्वप्नातूनच पलीकडे नेणार का. सगळी नाव हसली.

तेव्हा बोललो ते बोलायला नको होतं. तू इथं असतानाच सांगणार होतो, पण तू बोल्ट आवळत होतास आणि मला तुझे हात बघायचे होते.

जुना पिस्टन ताई भंगारात देत होती. मी खिडकीत ठेवलाय.

लोभाचं काय लिहितात ते मला जमत नाही. पुढल्या खेपेला आलास की सुकाणू तू धर. मी झोपणार आहे.
आप्पा