दिव्यातलं ऑलिव्ह ऑइल

सुशांत,

मी डॉक्टरांकडे जातेय, तुझा नंबर लावायला. सुतकात बाहेर पडले म्हणून कोपरीची आत्या बोलेल. बोलू दे, तू मध्ये पडू नकोस.

बाबांच्या दिव्याकडे लक्ष ठेव. दहाव्यापर्यंत तो विझायला नको. तुमचं ऑलिव्ह ऑइल मी त्याच दिव्यासाठी काढून ठेवलंय, त्यामुळे सकाळी बाटली शोधत बसू नकोस.

तेलावर माझा राग नाही रे. डॉक्टर माझ्यासमोर म्हणाले होते, "जेवणात चमचाभर घ्या, चांगलंच आहे. पण बीपीची गोळी सोडायची नाही." तुझ्या बाबांनी त्यातलं पहिलं वाक्य तेवढं घरी आणलं. रोज उठून पेलाभर तेल प्यायचे आणि गोळ्या खणात टाकायचे. पोट सुटलं तर म्हणाले, "अगं, तब्येत सुधारतेय!" मीपण हसले.

तूही त्यांच्यासोबत पेला उचलायचास, "चिअर्स, बाबा!" म्हणून. काल त्यांचा खण आवरला. त्यांच्या गोळ्यांशेजारी तुझ्याही बीपीच्या गोळ्या निघाल्या, एकही पाकीट न फोडलेलं. तुझं अजून लग्न व्हायचंय रे.

डॉक्टरांना फोनवर सगळं सांगितलं. आजपासून गोळी सुरू कर म्हणाले. डाळभात झाकून ठेवलाय, शेजारी वाटीत गोळ्यांचं पाकीट आहे. आधी जेव, मग गोळी घे, आणि फोडलेलं पाकीट मला दाखव. लहान पोरासारखं वागवते म्हणशील, तर हो, वागवते.

दिव्यातलं तेल संपत आलं की घाल. दक्षिणेकडे तोंड केलेला एकच दिवा या घरात पुरे.

आई