कोरा चहा आणि ह्यांचं काळीज

लक्ष्मीबाई नगर, दिल्ली
नोव्हेंबर १९९४

ती. दादांना,

अलकनंदाचा वाकून नमस्कार. वहिनी नि मुलं मजेत असतील. इथे स्वेटर बाहेर निघाले. गेला महिनाभर आमच्या घरी दूध फक्त मांजराला मिळत होतं.

त्याचं असं झालं, ह्यांना (तुमच्या मेहुण्यांना) ऑफिसातल्या सूर्यकांत देवधरांनी वर्तमानपत्राचं एक कात्रण दिलं: कोरा चहा हृदयाला चांगला. किती प्यायचा, तो मजकूर कात्रीत गेला होता. मग मात्रा ह्यांनीच ठरवली. सकाळी फिरून आल्यावर तीन कप, शिवाय ऑफिसात थर्मास (मोठा, सहलीचा). कडू लागतो म्हणून दोन चमचे साखर, साखरेने मळमळतं म्हणून सोबत मठरी (इकडची खारी, तळलेली पुरी). शेजारच्या भाटियाबाईंनाही "आपका भी दिल है, बहनजी" म्हणून पाजला. तेव्हापासून त्या दारातूनच बोलतात.

बुधवारी ऑफिसातून फोन आला, साहेबांची छाती धडधडतेय, हात कापताहेत, हॉस्पिटलात नेलंय. मी कणकेच्या हातांनीच ऑटोत बसले आणि नुसतं "जल्दी, जल्दी" म्हणत राहिले. तो बिचारा "पर कहाँ?" विचारून थकला. तिथे बाकावर बसून बोटांवरची वाळलेली कणीक खरवडत होते, दादा, आणि एकही स्तोत्र धड आठवेना.

डॉक्टरीणबाईंनी ईसीजीची पट्टी पाहिली. "चाय कितनी पीते हैं?"

"काली," हे अभिमानाने म्हणाले.

"मैंने रंग नहीं पूछा."

"चौदह कप."

बाईंनी पट्टी घडी करून बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "दिल बिल्कुल ठीक है, आप उसे बैठने नहीं दे रहे. दो-तीन कप पीजिए, बिना चीनी के. और सीने में कुछ लगे तो यहाँ आइए, किचन में मत जाइए."

बाहेर आल्यावर ह्यांनी विचारलं, "घाबरलीस?" मी म्हटलं, "बिल्कुल नाही," आणि तिथेच रडले. आता घरात दूध येतं आणि मांजर माझ्यावर रुसलंय. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची धाकटी,
अलका

ता. क. वहिनींचं पत्र आलं. जिना चढताना तुमची छाती आवळते, मधल्या पायरीवर थांबावं लागतं, आणि तुम्ही त्याला पित्त म्हणून डॉक्टरऐवजी कोरा चहा घेता, असं त्या लिहितात. एवढं सगळं लिहिलं ते त्यासाठी.

आणखी एक. पोस्टाने पाठवलं असतं तर तुम्ही हसून घडी करून खिशात घातलं असतं, म्हणून ह्यांच्याच हाती दिलं आहे. हे वाचताना ते तुमच्यासमोर बसलेले असतील. चार दिवसांची रजा काढून आलेत आणि तुमची तपासणी झाल्याशिवाय तुमच्याकडे पाणीसुद्धा घ्यायचं नाही, असं मी बजावलं आहे. प्रवासाने घसा कोरडा पडला असेल त्यांचा. चपला घाला, दादा.